दवावरचं पीक, चुलीवरची पिठी

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथली पांढर उकरली, तेव्हा इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. घरं सापडली, चुली सापडल्या आणि जळून कोळसा झालेलं धान्यही. त्यात जव आणि मसुरासोबत हुलगा होता. देशावरचा हुलगा म्हणजेच कोकणातला कुळीथ. तीन हजार वर्षांपूर्वी तो कसा शिजत होता ते दाण्यांवरून कळत नाही. पण गरिबाचं म्हणून बाजूला सारलेलं हे कडधान्य या मातीतलं किती जुनं आहे, ते कळतं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुलत्थ उशिरा पेरायच्या पिकांत येतो. कोकणी शेतकरी आजही तेच करतो. भात कापून झालं की रानातल्या उरल्यासुरल्या ओलीवर कुळीथ फेकायचा. पाणी द्यायचं नाही, खताची फारशी फिकीर करायची नाही. हे पीक दवावर वाढतं, असं तिथली माणसं म्हणतात.

पिकवायला स्वस्त असलेला हा दाणा शिजायला मात्र हट्टी. अख्खा कुळीथ रात्रभर भिजवला तरी चुलीवर बराच वेळ घेतो, आणि जिथं सरपण डोक्यावरून आणावं लागतं तिथं हा वेळ परवडत नाही. पिठी ही यावरची तोड आहे. कुळीथ खापरात भाजायचा, जात्यावर भरडायचा, सुपात पाखडून सालं काढायची आणि मग बारीक दळायचा. ते पीठ डब्यात पडलं की पुढचं काम काही मिनिटांचं. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण. पाण्यात गुठळी न होऊ देता कालवलेलं पीठ. दोन आमसुलं, मीठ, असलंच तर ओलं खोबरं. जळण वाचतं ते आधी जात्यावर घाम गाळल्यामुळे. तो घाम बाईचा होता, बहुतेक पहाटेचा, आणि पिठीची किंमत काढताना तो कुणी धरला नाही.

आज फोडणीत पडणारी मिरची त्या मानानं नवखी. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी तिखटपणा मिरी आणि आल्याचा.

देशावर याच पिठाचे शेंगोळे होतात. लसूण, तिखट, जिरं घालून मळलेल्या पिठाच्या वळ्या उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायच्या. त्या शिजता शिजता पाणी दाट होतं आणि एकाच भांड्यात कालवण नि पोटभरीचं दोन्ही तयार होतं. कुळथात शंभरातले वीस-बावीस भाग प्रथिनं असतात. त्यामुळे डाळ महागली की घरातली जाणती बाई या डब्याकडे वळते, त्यात पोषणाचाही हिशेब असतो.

कुळीथ उष्ण, हा समज सर्वत्र आहे. मुतखडा झाला की कुळथाचं कढण प्यायला सांगणारी आजी घरोघर भेटते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत तर विहीर खणताना लागलेला खडक फोडायचा एक उपाय आहे: ताक, कांजी, सुरा, कुळीथ आणि बोरं एकत्र करून सात रात्री मुरवायची आणि तापवलेल्या खडकावर शिंपडायची. आजीच्या मुतखड्याच्या औषधाला ही कल्पना किती जवळची आहे!

गोठ्याचाही या दाण्यावर हक्क होता. नांगरटीच्या दिवसांत बैलांसाठी हुलगा शिजवायचा. दाणा बैलांच्या पुढ्यात जायचा, आणि उरलेल्या पाण्याला लसणाची फोडणी देऊन, आमसूल किंवा चिंच टाकून घरच्यांसाठी कढण व्हायचं. भाकरी कुस्करून त्यावर ते गरम ओतलं, की त्या रात्रीचं जेवण झालं.