कोडं सुटलं नाही, तर खेळ तिथेच थांबतो का?

फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूंना राक्षस जेवढा अडवत नाही, तेवढं कोडं अडवतं. राक्षसाशी लढता येतं, पळून जाता येतं, लाच देता येते. पण दगडी दारावर चार ओळींचं कोडं कोरलंय आणि उत्तर दिल्याशिवाय दार उघडणार नाही, असं ठरलं की संपलं. दहा मिनिटं चर्चा होते, मग कुणीतरी मोबाईल काढतं, कुणीतरी चहा टाकायला उठतं. गोष्ट दारातच बसून राहते.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला. एक जण सूत्रधार होतो, म्हणजे डंजन मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जिथे यश-अपयशाची शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. वही, पेन्सिल, फासे आणि बोलणं, बस्स.

कोडं सोडवायचं कुणी?

खरी गोची इथे आहे. पात्राला भाला उचलायचा असेल तर खेळाडूला कुणी दंड दाखवायला सांगत नाही, पात्राची ताकद कागदावर लिहिलेली असते. बुद्धिमत्तासुद्धा लिहिलेली असते. पण कोडं आलं की अचानक कागद बाजूला पडतो आणि प्रश्न थेट माणसाला विचारला जातो. मग महापंडित जादूगार खेळणारा मुलगा गप्प बसतो आणि अडाणी पहिलवान खेळणारी मैत्रीण पटकन उत्तर देते.

सुरुवातीच्या काळात हे चालायचं, किंबहुना तीच मजा मानली जायची. १९७५ च्या एका स्पर्धेत खेळवलेलं आणि १९७८ मध्ये छापून आलेलं गायगॅक्स यांचं 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस खेळाडूंच्या डोक्याचीच परीक्षा घेतं, चुकलात तर पात्र मेलं. पुढे ही पद्धत मवाळ झाली. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या अधिकृत पुस्तकात तयार कोडी आहेत आणि प्रत्येकासोबत पात्राच्या कौशल्यावर फासा टाकून मिळवायच्या सूचनाही आहेत. म्हणजे विचार माणसाने करायचा, पण पात्राची हुशारी मदतीला येते. ही तडजोड बऱ्यापैकी रास्त आहे. फासा टाकून थेट उत्तरच मिळालं, तर कोडं घालायचंच कशाला?

विक्रमाने मौन पाळलं, म्हणून गोष्ट संपली

या प्रश्नाचं एक उत्तर आपल्याकडे फार आधीपासून आहे. वेताळपंचविशीत राजाने उत्तर दिलं की वेताळ परत झाडावर. बरोबर उत्तराने गोष्ट संपत नाही, उलट नवी सुरू होते. आणि शेवटच्या कथेतल्या नात्याच्या गुंत्यावर राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन योग्याचा डाव त्याला सांगून टाकतो. म्हणजे उत्तर आलं तरी कथा चालते आणि नाही आलं तरी चालते. सूत्रधाराला यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही.

यक्षप्रश्न मात्र जसाच्या तसा टेबलावर आणू नये. तिथे नकुल, सहदेव, अर्जुन आणि भीम तळ्याकाठी निपचित पडतात आणि एकटा युधिष्ठिर उत्तरं देतो. महाभारतात तो प्रसंग थोर आहे. पण पाच जणांच्या खेळात चार जणांनी तासभर मेल्याचं सोंग घेऊन पडायचं म्हणजे अवघड आहे.

नंदुरबारच्या टेबलावर कोणतं कोडं चालेल?

पुस्तकातली तयार कोडी बहुतेक इंग्रजीत असतात आणि शब्दांच्या खेळावर उभी असतात. भाषांतरात ती मरतात. पण शुद्ध मराठीतल्या श्लेषानेही प्रश्न सुटतोच असं नाही. नंदुरबार जिल्ह्यात मराठीबरोबर भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा बोली घरोघरी आहेत. धडगावच्या मुलाला शाळेत मराठी शिकावी लागलेली असते. 'कर' म्हणजे हातही आणि सरकारी पट्टीही, असल्या कोड्यात तो मागे पडला तर ती त्याच्या बुद्धीची हार नसते, पण चारचौघांत दिसते तशीच. हौसेने खेळायला आलेला एखादा अशाने पुढच्या रविवारी येतच नाही.

लोकपरंपरेतली कोडी यातून वाट काढतात. अहिराणीत कोड्याला आन्हा म्हणतात, कोकण-गोव्याकडे हुमाण. मराठीत उखाणा हा शब्द नाव घेण्याआधी कोड्यालाही वापरला जायचा. ही कोडी शब्दांपेक्षा वस्तूंवर बेतलेली असतात, आणि वस्तू ऐकणाऱ्यांच्या रोजच्या बघण्यातली असते.

समजा, सातपुड्यातल्या एका कल्पित गढीचं दार आहे. त्यावर लिहिलंय : रात्री झाडावरून उतरतो, सकाळी टोपलीत बसतो, उन्हात वाळला तरी गोडवा सोडत नाही. अक्कलकुवा-धडगावकडचा खेळाडू क्षणात मोहाचं फूल म्हणेल. पुण्याहून सुट्टीला आलेला त्याचा आतेभाऊ कदाचित अडेल. मग आणखी खुणा हव्यात. अमेरिकन लेखक जस्टिन अलेक्झांडर यांचा एक नियम सूत्रधारांत प्रसिद्ध आहे : खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्यासाठी किमान तीन खुणा पेरा. कारण एक नजरेतून सुटते, दुसरीकडे दुर्लक्ष होतं, तिसरीचा भलताच अर्थ लावला जातो. इथे उंबऱ्याशी गोडसर वास, भिंतीवर पहाटे टोपल्या घेऊन निघालेल्या बायकांचं चित्र, आणि शेजारच्या झाडाखाली अस्वलाचे पंजे. अस्वलाला मोह किती आवडतो, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

एवढं करूनही कुणी 'दव' म्हणालं तर? दव टोपलीत बसत नाही, वाळूनही उरत नाही, तेव्हा ते सरळ नाकारावं. पण एखादं उत्तर तिन्ही ओळींना लागू पडत असेल, तर सूत्रधाराच्या मनात नसलं तरी दार उघडावं. हट्ट धरण्यात काही मिळत नाही. आणि काहीच सुचलं नाही तर मागच्या मोरीतून आत जायचा रस्ता असू द्यावा, फक्त त्याची किंमत असावी : मशाल विझते, पहारेकरी जागा होतो, सोबतचं खेचर बाहेरच सोडावं लागतं.

एका गोष्टीत मात्र जपून. दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याच्या डोंगरावर अश्वत्थाम्याची यात्रा भरते. कपाळावरची जखम घेऊन भटकणारा चिरंजीव फँटसी खेळासाठी आयता सापडल्यासारखा वाटेल. पण टेबलावरच्या कुणाच्या तरी घरचे लोक दरवर्षी तो डोंगर चढतात. डोंगर, दरी, धुकं खुशाल घ्यावं. देवस्थान कोड्याचं कुलूप म्हणून वापरायचं असेल, तर खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना विचारून घ्यावं, आणि एकानेही नको म्हटलं तर गढीचंच दार पुरेसं आहे.