६१७४ : कापरेकर स्थिरांक

६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांडायचे आणि मोठीतून लहान वजा करायची. येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करायची. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ मिळते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. वजाबाकी तीन अंकी आली, तर डावीकडचे शून्य धरावे लागते (२१११ − १११२ = ०९९९); नवखे इथेच चुकतात. हा गुणधर्म देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधला. त्यांचे जन्मवर्ष १९०५ पूर्ण सात पायऱ्या घेते: ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. हा अर्थातच योगायोग.

६१७४ = २ × ३² × ७³. अंकांची बेरीज १८. तिने भागल्यास ३४३, म्हणजे ७³. अंकांच्या बेरजेने असा निःशेष भाग जातो, म्हणून ही कापरेकरांनीच नाव दिलेली ‘हर्षद संख्या’ही ठरते. शिवाय १८³ + १८² + १८ = ६१७४. तीन अंकांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन आणि पाच अंकांसाठी मात्र तो नाही, तिथे संख्या चक्रात फिरत राहतात.