साथरोग-अंदाजातील विद्यार्थी-प्रशिक्षण

संख्याशास्त्र, गणित, संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ठरावीक काळ सार्वजनिक आरोग्य यंत्रणेबरोबर काम करून रोगनोंदींचे आकडे हाताळणे, त्यांवर गणिती मॉडेल बसवणे आणि पुढच्या काही आठवड्यांत रुग्ण किती असतील याचा अंदाज बांधणे, म्हणजे हे प्रशिक्षण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर इंटर्नशिप आणि ‘ओजेटी’ (प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण) अभ्यासक्रमाचा भाग झाल्या. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणून चार श्रेयांकांना १२० तास, असा हिशेब असतो. सांगलीच्या विश्रामबागेत अशा कामाला लागणारे बरेच काही हाताशी आहे. विलिंग्डन महाविद्यालय (१९१९) आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) इथेच आहेत, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, आणि सांगली, मिरज व कुपवाड या तिन्ही गावांचे आरोग्य १९९८ पासून एकाच महापालिकेकडे आहे. प्रश्न उरतो तो १२० तास कशावर घालवायचे याचा. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांतला निम्मा वेळ आकडा जिथे जन्मतो तिथे, म्हणजे उपकेंद्रात, प्रयोगशाळेत आणि नोंदवहीपाशी गेला पाहिजे. मॉडेलची पाळी त्यानंतरची.

या मताला आधार खुद्द या शास्त्राच्या इतिहासात सापडतो. साथरोगांच्या आजच्या बहुतेक मॉडेलांचे मूळ कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधात आहे, आणि त्यात पडताळ्यासाठी घेतलेले आकडे मुंबईचे आहेत : डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातले प्लेगचे आठवडावार मृत्यू. मॅकेन्ड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेले डॉक्टर होते. दोघांच्या समीकरणातून निघालेली घंटेच्या आकाराची रेषा आठवड्याला सुमारे ८९० मृत्यूंच्या शिखरापर्यंत चढते आणि उतरते, आणि प्रत्यक्ष आकडे तिच्या अगदी जवळून जातात. पाठ्यपुस्तकांतून ही आकृती पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. परंतु ते मॉडेल धरून चालते की रोग माणसाकडून माणसाकडे जातो आणि बाधा होऊ शकेल अशी माणसे कमी झाली की साथ ओसरते. मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरत होता. परळच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्याच दशकात ते दाखवून दिले. शिवाय तो दर वर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वाढे आणि उन्हाळा चढला की उतरे. फ्रेंच गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये हे जुने गणित पुन्हा तपासले, तेव्हा त्यातून निघणाऱ्या किमती वास्तवाशी जुळणाऱ्या नाहीत आणि ऋतुमान हिशेबात घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, हे स्पष्ट झाले. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनीही आपली गृहीतके ढोबळ असल्याचे लिहून ठेवले होते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. रेषा आकड्यांवर बसली एवढ्यावरून कारण कळले असे होत नाही, याचा मुंबईचा प्लेग हा आपल्याच मातीतला पुरावा आहे.

सांगलीतला आकडा कसा तयार होतो ते आता पाहू. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला. त्यात तीन फॉर्म असतात : उपकेंद्रातले आरोग्यसेवक लक्षणांवरून भरतात तो ‘एस’, डॉक्टर निदानाच्या अंदाजावरून भरतात तो ‘पी’, आणि प्रयोगशाळेचा ‘एल’. ‘एस’ फॉर्मवर डेंग्यू असे लिहिता येत नाही. तिथे सात दिवसांपेक्षा कमी ताप, सात दिवसांपेक्षा जास्त ताप, खोकला, पातळ जुलाब, कावीळ असे रकाने असतात. २०२१ पासून ही माहिती देशभर नव्या ऑनलाइन मंचावर रोजच्या रोज भरली जाऊ लागली. तरीही एकाच रुग्णाच्या चार तारखा असू शकतात : ताप आला ती, नमुना घेतला ती, अहवाल आला ती आणि संगणकात नोंद चढली ती. विद्यार्थ्याला मिळालेल्या फाइलीत बहुधा शेवटचीच तारीख असते. रविवारी प्रयोगशाळा बंद राहिली तर सोमवारी-मंगळवारी उंचवटा दिसतो, आणि हे न जाणणारे मॉडेल त्याला साथीची चाहूल समजते. डेंग्यूची गोष्ट आणखी वेगळी आहे. खाजगी दवाखान्यातल्या झटपट चाचणीत निघालेला रुग्ण शासकीय हिशेबात संशयितच राहतो. प्रयोगशाळेतल्या एलायझा चाचणीतही डेंग्यू निघाला तर तो निश्चित रुग्ण होतो. एखाद्या महिन्यात एलायझाचे संच कमी आले तर आलेखात डेंग्यू उतरलेला दिसेल आणि गल्लीत मात्र तापाचे रुग्ण तसेच असतील.

भाजकाचीही तीच अडचण. दर लाख लोकसंख्येमागे प्रमाण काढायला २०११ ची जनगणना वापरावी लागते, आणि तिच्यात जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख २२ हजार आहे. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली कुटुंबे महिनोन्‌महिने फडाजवळ राहतात. त्यांचा ताप सांगलीच्या नोंदवहीत येतो, पण डोकी सांगलीच्या लोकसंख्येत धरलेली नसतात. पूर आला की माणसे छावण्यांत जातात आणि नोंदीचे गावच बदलते. हे सगळे उपकेंद्रातल्या सिस्टरना आणि आशाताईंना तोंडपाठ असते; फाइलीत त्याचा मागमूस नसतो.

करोनाच्या काळात हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या मॉडेलने साथ फेब्रुवारी २०२१ पर्यंत आटोपेल असे चित्र मांडले. त्याच फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि पुढे दुसरी लाट आली. ते गणित करणारे लोक निष्णात होते. विषाणू बदलणार नाही आणि लोक खबरदारी सोडणार नाहीत, या गृहीतकांवर सारे उभे होते, आणि दोन्ही गृहीतके टिकली नाहीत. त्याच वर्षी राज्याचा आलेख उतरत असताना सांगली, सातारा आणि कोल्हापुरात बाधितांचे प्रमाण बराच काळ चढेच राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने निर्बंध सैल केले तेव्हा जे ११ जिल्हे मागे ठेवले गेले, त्यांत हे तिन्ही होते. राज्याच्या सरासरीवर शिकलेल्या मॉडेलला हे फरक दिसणार नाहीत. जिल्ह्याचा अंदाज जिल्ह्याच्याच नोंदींवर बांधावा लागतो, आणि तो बांधणारी माणसे जिल्ह्यातच तयार करावी लागतात.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की विद्यार्थ्याची खासियत गणित आहे. त्याला फॉर्म चाळायला बसवणे म्हणजे कौशल्य वाया घालवणे. पण उशिरा येणाऱ्या नोंदी लक्षात घेऊन आजचा खरा आकडा काढणे हे अवघड संख्याशास्त्र आहे, आणि विलंब कुठे, किती होतो हे समजल्याशिवाय ते करता येत नाही. दुसरा आक्षेप, एका तालुक्यात आठवड्याला मोजकेच रुग्ण असतील तर अंदाज कशाचा करायचा? हे खरे आहे, म्हणूनच तिथे एकच नेमका आकडा देऊ नये. ‘पुढच्या दोन आठवड्यांत नेहमीपेक्षा जास्त रुग्ण येण्याची शक्यता किती’ एवढेच सांगावे. औषधसाठा आणि फवारणी ठरवायला आरोग्य अधिकाऱ्याला तेवढे पुरते. तिसरा आक्षेप गोपनीयतेचा, आणि तो सर्वांत गंभीर. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात जिल्ह्यातले पहिले करोनाबाधित सापडले, तेव्हा संख्या इतकी कमी होती की वय, गाव आणि तारीख एवढ्यावरून माणूस ओळखू येत होता. नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली, हा समज छोट्या गावात खोटा ठरतो. म्हणून विद्यार्थ्याने वैयक्तिक नोंदी यंत्रणेच्या संगणकावर, तिथल्या माणसासमोर पाहाव्यात आणि बाहेर फक्त एकत्रित आकडे न्यावेत. प्रत्यक्ष जागेवर जाऊन काम करण्याचे हे आणखी एक कारण आहे.

सांगलीकरांना अंदाजाची सवय जुनीच आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर धोका, हे इथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांपर्यंत गेले होते. पाणी किती वाढेल हे सांगता येते, कारण पुलावरची पातळी नियमाने वाचली जाते आणि कोयना धरणातून किती विसर्ग झाला ते कळवले जाते. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येतात ते साधारण एक ते दोन आठवड्यांनी. म्हणजे पातळीच्या नोंदी आणि तापाच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर पूर्वसूचनेला थोडा अवधी मिळू शकतो. विश्रामबागेतल्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रकल्प शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

मूल्यमापनात मार्गदर्शक प्राध्यापकांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा. अंदाज तारखेसह आधी लिहून जमा करावा, आणि ‘मागच्या आठवड्याइतकेच रुग्ण येतील’ या साध्या अंदाजाशी त्याची तुलना करावी. पुष्कळ आकर्षक मॉडेले या साध्या अंदाजापुढे हरतात. हरलेले मॉडेलही कारणांसह मांडले असेल तर त्याला पूर्ण गुण मिळावेत, आणि अहवालाची एक प्रत, मराठीत, ज्या उपकेंद्रातून नोंदी आल्या तिथे पोचवावी.