घराबाहेरचं बाळंतपण

बाळंतपण घरातच व्हायचं, ही एकेकाळी पुण्याची रीत होती. अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि सुईण. पहिलटकरीण माहेरी जाई. पण जिचं पोट कुणाला दिसताच कामा नये, तिने कुठे जायचं? दवाखान्यातल्या बाळंतपणाची पुण्यातली कुळकथा मला तरी या प्रश्नापासून सुरू झालेली दिसते.

जोतीराव फुल्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांमुळे तिला दिवस गेले. नाना विषारी औषधं घेऊनही गर्भ पडेना. मुलगा झाला, तेव्हा तिने त्याला मारून घरामागच्या विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांचं काय झालं, ते विचारू नये.

त्यानंतर, 1863 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी गंज पेठेतल्या आपल्याच आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. ब्राह्मणवस्तीच्या नाक्यानाक्यांवर पत्रकं चिकटवली. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, अशी ती सोय. विधवेला निवड देणारी दुसरी जागा तेव्हा कुठली असणार?

तिथला हिशोब मात्र वाचवत नाही. 1884 मध्ये समाजसुधारक मलबारींच्या सक्तीच्या वैधव्याविषयीच्या टिपणांवर सरकारला मत कळवताना जोतीरावांनी आकडे दिले: तोवर पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या, त्यांची पाच मुलं जगली, तीस गेली. दिवस लपवायला आयांनी जी विषारी औषधं घेतली असतील, त्यांनी पोटातच इजा झाली, असं कारण ते देतात. म्हणजे बाई गंज पेठेत पोचायच्या आधीच उपचार होऊन चुकलेला असे. सावित्रीबाईंच्या हाती उरे ती फक्त निगराणी.

1874 साली आलेली काशीबाई निराळी. पुष्कळ लेखांत दोघींची गल्लत होते. हिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत, पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या.

सावित्रीबाईंनंतर काही वर्षांनी, 1909 मध्ये, रमाबाई रानड्यांनी पुण्यात बायकांना शिकवणारी सेवासदन ही संस्था सुरू केली. तिथल्या मुली-बायका नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या, आणि त्यांत विधवाही होत्या. बाळंतपणाची विद्या हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा झाला. 1912 मध्ये रास्ता पेठेत केईएम रुग्णालयाची सुरुवात झाली तीही प्रसूतिगृह म्हणूनच; 1944 पासून डॉ. बानू कोयाजींनी त्याचं मोठं रुग्णालय केलं. घरोघरच्या सुइणींचं काम मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं चालूच होतं.