पदकाच्या कडेवरचं नाव

इतिहासाच्या पुस्तकात पहिलं महायुद्ध चार-सहा पानांत आटोपतं. हिंदुस्थानातले दहा लाखांवर लोक समुद्रापार गेले, सत्तर हजारांवर परतले नाहीत, हे मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. पण त्यातला एक आपल्याच घरचा असला, तर त्याचा माग कसा काढायचा?

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ लढाईवर गेले, एवढंच घरात ठाऊक. गाव भोकरदनकडचं, राज्य निजामाचं. पुढे दोन पदकं घरी आली. ती त्यांनीच पाठवली असं समजून थोरल्या आजी शेवटपर्यंत कुंकू लावत राहिल्या. गाव मात्र म्हणे, गडी तिकडेच संसार थाटून बसला!

चांदीचं पदक १९७२ च्या दुष्काळात सोनाराकडे गेलं. दुसरं काशाचं. त्यावर पंख असलेली स्त्री. आजींनी तिला देवी मानून देव्हाऱ्यात ठेवलं, म्हणून ते वाचलं. ती विजयदेवता, हे ‘व्हिक्टरी मेडल’. या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते. हळदीकुंकवाचा थर काढून भिंगातून वाचलं, तर पलटण निघाली ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री.

ही पलटण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जनरल टाउनशेंडच्या फौजेत होती. डिसेंबर १९१५ पासून कुट गावात तुर्कांचा वेढा पडला. १४७ दिवस काढून, अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. उपाशीपोटी वाळवंट तुडवताना आणि छावण्यांत हजारो मेले.

पुढचं काम नातवानं केलं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी संगणकावर आहे. ‘जालना’ टाकून काही मिळेना. मिळणार कसं? हा जिल्हा १ मे १९८१ चा! ‘औरंगाबाद’ आणि पदकावरचा नंबर धरून शोधलं, तेव्हा नाव सापडलं. कुट पडल्यावर काही महिन्यांतच गेलेले. स्मारक बसऱ्याचं. चाळीस हजारांवर मृतांचं ते स्मारक, पण भिंतीवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं, हिंदी शिपायांची नुसती संख्या. २०२१ साली कमिशनच्याच समितीनं हा दुजाभाव मान्य केला.

पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि २०२१ मध्ये लोकांसाठी खुल्या होऊ लागल्या. आपल्याकडच्या घरांना पदकाची कडच धरावी लागते. तीही जपून वाचावी, कारण १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले. ११० वी झाली पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन. तीच पुढे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणून डिसेंबर १९७१ मध्ये टांगाइलला उतरली.

आजींना हे कळायला हवं होतं का? मला सांगता येत नाही. पण ‘तिकडेच राहिला’ हा बोल त्या माणसावरून उतरला, हे बरं झालं. भावकीत सर्वांना यादीतलं पान वाचून दाखवलं.

तुमच्याही देव्हाऱ्यात, ट्रंकेत असं काही असेल. चेहरा पाहून ठेवून देऊ नका. कड वाचा.