दोन कॅथेड्रल आणि एक समुद्रकाठ : एका दिवसाच्या प्रवासातून मध्ययुगीन इंग्लंड

प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकताना आपण बहुधा राजे, पोप आणि लढाया यांच्यापासून सुरुवात करतो. या पाठात वेगळी वाट धरू. आग्नेय इंग्लंडमधील केंट या काउंटीत एका दिवसात पाहून होतील अशी तीन ठिकाणे आहेत : रॉचेस्टर व कँटरबरी येथील कॅथेड्रल आणि व्हिटस्टेबल हे समुद्रकाठचे छोटे गाव. सकाळी लंडनहून रेल्वेने निघालेला प्रवासी दुपारपर्यंत दोन्ही कॅथेड्रल पाहून संध्याकाळी समुद्रावर पोहोचू शकतो. आपल्याला हा प्रवास मनानेच करायचा आहे. मात्र पर्यटकाप्रमाणे 'किती जुने, किती सुंदर' एवढ्यावर थांबायचे नाही. प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारायचे आहेत. येथे दगड, पैसा आणि माणसे कुठून आली? आणि त्यांचा ओघ थांबला किंवा थांबवला गेला, तेव्हा काय झाले?

'कॅथेड्रल' या शब्दाचा अर्थ आधी स्पष्ट करून घेऊ. कॅथेड्रल म्हणजे फार मोठे चर्च, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. लॅटिनमध्ये 'कथेड्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते, ते कॅथेड्रल; मग ते आकाराने लहान का असेना. मुंबईतील सेंट थॉमस चर्चचे उदाहरण घ्या. ते १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले, पण कॅथेड्रल झाले ते १८३७ मध्ये, मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला तेव्हा. इमारत तीच होती, अधिकार बदलला. म्हणजेच कॅथेड्रल हे श्रद्धेइतकेच सत्तेचेही स्थान आहे. पुढे कँटरबरीत याचा प्रत्यय येईल.

१. रॉचेस्टर : रस्त्यावरचे कॅथेड्रल

लंडनहून रॉचेस्टर आणि कँटरबरीमार्गे डोव्हर बंदराकडे जाणारा रस्ता रोमन काळापासूनचा आहे. त्याला वॉटलिंग स्ट्रीट म्हणतात. मेडवे नदी ओलांडण्याच्या जागी रॉचेस्टर वसले. कँटरबरीला इ.स. ५९७ मध्ये पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन आला आणि त्याने केंटचा राजा एथेलबर्ट याला ख्रिस्ती धर्माची दीक्षा दिली. त्यानंतर सातच वर्षांनी, ६०४ मध्ये, रॉचेस्टरला बिशपचे पीठ स्थापन झाले.

आज दिसणाऱ्या वास्तूचा आरंभ मात्र नॉर्मन विजयानंतरचा, सुमारे १०८० चा आहे. ते काम बिशप गंडल्फ याने सुरू केले. लंडनच्या टॉवरमधील 'व्हाइट टॉवर'च्या बांधकामावरही याच गंडल्फची देखरेख होती. किल्ला बांधणारा आणि चर्च बांधणारा माणूस एकच, ही गोष्ट लक्षात ठेवा. १०६६ नंतर इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मन सत्ताधीशांना दोन्ही वास्तू हव्या होत्या. रॉचेस्टरचा किल्ला आजही कॅथेड्रलच्या समोरच उभा आहे. १२१५ मध्ये, मॅग्ना कार्टानंतर उसळलेल्या संघर्षात, राजा जॉनने त्याला वेढा घातला आणि चाळीस डुकरांच्या चरबीने भुयारातील लाकडी टेकू पेटवून बुरुजाचा एक कोपरा पाडला. तो कोपरा नंतर गोल बांधला गेला. बाकीचे तीन चौकोनीच आहेत. म्हणजे वेढ्याची खूण इमारतीच्या आकारातच राहिली आहे.

आता कॅथेड्रलच्या आत या आणि मुख्य सभामंडपातील कमानी पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत चला. सुरुवातीला अर्धवर्तुळाकार, जाड, नॉर्मन पद्धतीच्या कमानी दिसतात. पूर्व टोकाशी मात्र एकदम टोकदार गोथिक कमानी लागतात. जुना सभामंडप उतरवून नव्या पद्धतीने बांधायला सुरुवात झाली, पण पैसा संपला आणि काम तिथेच थांबले. कोणत्याही हिशेबवहीइतकाच हा बोलका पुरावा आहे.

त्याआधी पूर्वेकडचा भाग नव्याने बांधण्याइतका पैसा मिळाला होता. तो कुठून आला, याची कथा अशी : स्कॉटलंडमधील पर्थचा विल्यम नावाचा पाववाला पवित्र भूमीच्या यात्रेला निघाला होता. १२०१ च्या सुमारास रॉचेस्टरजवळ त्याचा खून झाला. त्याचा देह कॅथेड्रलमध्ये आणला गेला, चमत्कारांची वार्ता पसरली आणि भाविक दाने देऊ लागले. कँटरबरीला जाणारे हजारो यात्रेकरू याच रस्त्याने जात असताना वाटेतल्या मठाला स्वतःचा संत मिळाला. यात केवळ लबाडी पाहणे चूक, आणि केवळ भक्ती पाहणेही चूक. मध्ययुगीन माणसाच्या मनात या दोन गोष्टी आपल्याइतक्या वेगळ्या नव्हत्या.

२. कँटरबरी : खून, आग आणि यात्रा

कँटरबरीचा आर्चबिशप हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख. राजा दुसरा हेन्री याने ११६२ मध्ये आपला मित्र व चॅन्सेलर टॉमस बेकेट याला या पदावर बसवले. आपला माणूस तिथे असला की चर्च आपल्या ताब्यात राहील, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. गुन्हा करणाऱ्या धर्माधिकाऱ्यांना राजाच्या न्यायालयाने शिक्षा करावी की चर्चच्या, या प्रश्नावरून दोघांचे बिनसले. बेकेट सहा वर्षे फ्रान्समध्ये परागंदा होता. तो परतल्यावर महिनाभरातच, २९ डिसेंबर ११७० रोजी, राजाच्या चार सरदारांनी त्याला कॅथेड्रलमध्येच ठार मारले.

११७३ मध्ये पोपने बेकेटला संत घोषित केले. ११७४ च्या जुलैमध्ये खुद्द हेन्री अनवाणी कँटरबरीला आला आणि त्याने मठवासी साधूंकडून पाठीवर फटके मारून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ सप्टेंबरला, कॅथेड्रलच्या पूर्वेकडील भागाला आग लागली. बाहेरच्या झोपड्यांतून उडालेल्या ठिणग्या शिशाच्या पत्र्याखाली, छताच्या लाकडात शिरल्या. जर्व्हेस नावाच्या साधूने या आगीचे आणि पुढच्या बांधकामाचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. एखाद्या मध्ययुगीन इमारतीच्या बांधकामाचा असा वर्षावार वृत्तान्त मिळणे फार दुर्मीळ आहे.

काम फ्रान्समधील विल्यम ऑफ सेन्स या गवंड्याकडे सोपवले गेले. त्याने नवी फ्रेंच पद्धत आणली : टोकदार कमानी, फासळ्यांसारख्या पट्ट्यांनी तोललेले दगडी छत आणि जर्व्हेसच्या म्हणण्यानुसार पूर्वीपेक्षा जवळपास १२ फुटांनी उंच खांब. जर्व्हेस आणखी एक बारकावा नोंदवतो : जुने कोरीवकाम कुऱ्हाडीने केलेले होते, नवे छिन्नीने. ११७८ मध्ये विल्यम पहाडावरून खाली कोसळून जायबंदी झाला. काही काळ त्याने अंथरुणातूनच सूचना दिल्या, मग तो मायदेशी परतला. उरलेले काम विल्यम नावाच्याच एका इंग्रज गवंड्याने ११८४ पर्यंत पूर्ण केले. इंग्लंडमधील गोथिक वास्तुकलेचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो.

या वास्तूची रचना यात्रेसाठी आहे. १२२० मध्ये बेकेटचे अवशेष तळघरातून काढून सर्वांत पूर्वेकडे, उंचावर, सोन्या-रत्नांनी मढवलेल्या समाधीत ठेवले गेले. यात्रेकरू पायऱ्या चढून वर येत आणि कडेच्या मार्गाने समाधीभोवती फिरत, त्यामुळे मधल्या भागातील साधूंच्या प्रार्थनेत खंड पडत नसे. आपल्याकडच्या मंदिरांतील प्रदक्षिणामार्ग ज्यांना माहीत आहे, त्यांना ही सोय लगेच समजेल. दगडी पायऱ्या त्या वर्दळीने झिजल्या आहेत. यात्रेकरू परत जाताना शिसे-कथिलाच्या छोट्या कुप्यांतून 'संताचे पाणी' नेत.

समाधीभोवतीच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवर चमत्कारांच्या कथा आहेत. त्या राजांच्या नसून बहुतांशी साध्या माणसांच्या आहेत : मातीच्या ढिगाऱ्याखाली गाडला गेलेला मजूर, वेड लागलेली स्त्री, महारोगी. एका खिडकीत जॉर्डन फिट्झ-आइसल्फ या सरदाराच्या घराची गोष्ट आहे. साथीच्या रोगात गेलेला त्याचा मुलगा संताच्या कृपेने जिवंत होतो, पण घरची माणसे बोललेला नवस फेडत नाहीत आणि थोरला मुलगा मरतो. समाधीपाशी उभ्या असलेल्या यात्रेकरूला या खिडकीचा मथितार्थ समजावून सांगायची गरज नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स' इंग्रजीत रचल्या, त्या याच वाटेवरच्या यात्रेकरूंच्या तोंडी घातल्या आहेत. त्यांत सरदार आहे, गिरणीवाला आहे, अनेकदा लग्न केलेली बाथ गावची बाई आहे. एरवी एकत्र न येणारे लोक यात्रेत एकत्र येत.

मग १५३८ उजाडले. आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख केले होते. राजाला विरोध करणारा संत त्याला नको होता. समाधी फोडली गेली आणि सोने-रत्ने राजाच्या खजिन्यात गेली. बेकेटला यापुढे संत म्हणू नये, त्याच्या प्रतिमा काढाव्यात आणि ग्रंथांतून त्याचे नाव खोडावे, असा हुकूम निघाला. १५४० मध्ये मठही बंद झाला. चर्च उरले, यात्रा संपली.

तुम्ही आज तिथे गेलात, तर समाधीच्या जागी काहीच दिसणार नाही. फरसबंदीवर एक मेणबत्ती जळत असते, इतकेच. पण सभोवती नीट पाहा. झिजलेल्या पायऱ्या आहेत, वर्दळीसाठी आखलेला मार्ग आहे, चमत्कारांच्या कितीतरी खिडक्या शिल्लक आहेत. पुस्तकातले नाव हुकमाने खोडता येते; त्या नावासाठी बांधलेली संपूर्ण इमारत खोडता येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ही रिकामी जागा कॅथेड्रलमधला सर्वांत मोलाचा पुरावा आहे.

३. व्हिटस्टेबल : समुद्राचे देणे

कॅथेड्रल पाहून समुद्रावर जाणे म्हणजे विषयांतर वाटेल. तसे ते नाही. कँटरबरीचा बराचसा दगड नॉर्मंडीतील कां या गावच्या खाणींतला, म्हणजे समुद्रापलीकडून आणलेला आहे. विल्यम ऑफ सेन्सने जहाजांवर दगड चढवण्या-उतरवण्यासाठी यंत्रे केली होती, असे जर्व्हेस लिहितो. कँटरबरीचे बंदर होते स्टूर नदीवरचे फोर्डविच. पुढे ही नदी ज्या खाडीला मिळत होती ती गाळाने भरत गेली आणि फोर्डविच समुद्रापासून तुटले. शहराचा समुद्राशी असलेला मार्गच बुजला.

तो पुन्हा उघडला एकोणिसाव्या शतकात. उत्तरेकडे सुमारे १० किलोमीटरवर असलेल्या व्हिटस्टेबलपर्यंत ३ मे १८३० रोजी रेल्वे सुरू झाली. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या काही महिने आधीच तिने प्रवासी नेले. 'इन्व्हिक्टा' हे तिचे इंजिन स्टीव्हन्सन यांच्या कारखान्यातले. ते सपाट भागातच चाले. चढावर एका जागी बसवलेली इंजिने दोरखंडाने डबे ओढत. १८३२ मध्ये व्हिटस्टेबलला बंदर बांधले गेले. तिथे उतरलेला कोळसा शहरात जाई. उलट दिशेने शहरातली माणसे समुद्रावर येऊ लागली आणि १८३४ मध्ये त्यांच्यासाठी उन्हाळी हंगामाची तिकिटेही निघाली. लोक या गाडीला 'खेकडा आणि गोगलगाय' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. ती १९५२ मध्ये बंद पडली. तिच्या मार्गाच्या काही भागावरून आज सायकलवाट जाते आणि इन्व्हिक्टा व्हिटस्टेबलच्या संग्रहालयात आहे.

व्हिटस्टेबल हे मुळात कालवे काढणाऱ्यांचे गाव. १७९३ मध्ये संसदेच्या कायद्याने इथल्या कालवेवाल्यांची कंपनी स्थापन झाली. किनाऱ्यावर डांबर लावलेल्या काळ्या लाकडी झोपड्या आजही दिसतात. मात्र त्यांतल्या काहींत आता पाहुणे राहतात आणि कालवे गरिबाच्या ताटातून महागड्या हॉटेलांच्या ताटात गेली आहेत. समुद्रात दूरवर पवनचक्क्यांची रांग दिसते.

इंग्रजीत सुट्टीला 'हॉलिडे' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'पवित्र दिवस'. मध्ययुगात कामापासून सुटका मिळे ती संतांच्या दिवशी. १८७१ मध्ये संसदेने कायदा करून बँकांना ठरावीक सुट्ट्या दिल्या आणि सुट्टी कॅलेंडरातील संताकडून सरकारकडे गेली. यात्रेची वाट आणि सहलीची वाट पुष्कळदा एकच राहिली. आज कँटरबरी कॅथेड्रलमध्ये शिरताना तिकीट काढावे लागते. पूर्वी तिथेच लोक दान ठेवत होते.

समारोप

या तीन ठिकाणांतून एक गोष्ट हाती लागते. वास्तू कधीच एकटी उभी नसते. तिच्यामागे रस्ता, नदी, जहाज, खाण, गवंडी आणि देणारा हात असतो. यांपैकी एखादे नाहीसे झाले की त्याची खूण वास्तूत राहते : रॉचेस्टरच्या अर्ध्यावर सोडलेल्या कमानींत, कँटरबरीच्या रिकाम्या फरसबंदीत, फोर्डविचच्या गाळात. तुमच्या गावचे मंदिर, मशीद, दर्गा किंवा चर्च पाहताना हेच प्रश्न सोबत न्या. जे उभे आहे ते पाहाच. पण जे तिथे असायला हवे होते आणि नाही, त्याचीही नोंद वहीत करा.

विचारासाठी प्रश्न

१. कॅथेड्रल आणि सामान्य चर्च यांतील भेद कोणत्या निकषावर ठरतो? उदाहरणासह लिहा.
२. रॉचेस्टरच्या सभामंडपातील कमानींवरून आर्थिक इतिहासाबद्दल कोणता निष्कर्ष काढता येतो?
३. यात्रेच्या गरजांचा कँटरबरीच्या वास्तुरचनेवर कसा परिणाम झाला, ते स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या धार्मिक वास्तूला भेट द्या. तिचा दगड, पैसा आणि कारागीर कुठून आले असावेत आणि तिच्यात आज कशाची उणीव जाणवते, यावर ३०० शब्दांत टिपण लिहा.