पगार तिकडचा, चूल इकडची

साल १८८५. तुम्ही गोवळकोटच्या धक्क्यावर उभे आहात. भात झोडून झालंय, वाशिष्ठीला ओहोटी लागलीय. होडी सुटली की दाभोळ, तिथून बोटीने मुंबई. गेले कित्येक दिवस तुम्ही दुसऱ्याच्या खळ्यावर राबलात आणि मजुरी पायलीने मोजून घेतलीत. खोताकडच्या वेठीचं तर काहीच मिळालं नाही. गिरणीत दर महिन्याला रोख पगार असतो, एवढ्या एका ऐकीव गोष्टीवर तुम्ही वळकटी बांधलीय.

आता १९३०. तुम्ही कळंबस्त्यात एका घराच्या ओटीवर बसलात. पोस्टमन मनीऑर्डरचा फॉर्म पुढे करतो, म्हातारी अंगठा उठवते. कुपनावर मुलाचा निरोप: आधी देणं भागवा, उरलं तर कौलं घ्या. हा पगार कोणत्या जिल्ह्याचा? हजेरीपट गिरणगावात, म्हणून जिल्हावार कमाईच्या तक्त्यात आकडा मुंबईच्या रकान्यात चढतो. रत्नागिरीच्या रकान्यात उरते ती सुनेची लावणी-कापणीची मजुरी. चूल मात्र दोन्हींवर पेटते. तक्त्यात दिसतो त्याहून हा जिल्हा थोडा बरा जेवतो, आणि घरोघरी कर्ता माणूस नसतो.

१९६२ मध्ये पोफळीला या. सह्याद्रीच्या पोटात कोयनेचं वीजघर सुरू होतंय. घाटावरचं पाणी जनित्रं फिरवून वाशिष्ठीत उतरतं, वीज मुंबई-पुण्याकडे निघते. बोगद्याच्या कामावर तुम्हाला घराजवळ रोख मजुरी मिळाली. पण बोगदा खणून झाला की मुकादम हजेरीपट मिटतो, आणि तुम्ही पुन्हा मुंबईची वाट धरता.

१८ जानेवारी १९८२. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. काही महिन्यांत तुम्ही ट्रंक घेऊन चिपळूणच्या एस.टी. स्टँडवर उतरता. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तुमच्या घरची मनीऑर्डर मात्र थांबली. पुढे परशुराम घाटापलीकडे लोट्याची रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढते. साच्यावर आयुष्य काढलेले तुम्ही तिथे कंत्राटदाराचे हेल्पर होता.

आणि २०२५. रोजगार हमीच्या कामाचा राज्यभर एकच दर होता, दिवसाला ३१२ रुपये, गडचिरोलीत तोच आणि चिपळुणातही तोच. किमान वेतनाचं तसं नाही. बऱ्याच धंद्यांत ते परिमंडळावर ठरतं. महापालिकेच्या हद्दीत एक, नगरपालिकेत त्याहून कमी, खेड्यात आणखी कमी. पण तुम्ही बिगारी शोधायला बाहेर पडलात तर या दोन्ही दरांत कोणी येत नाही. गावात माणूसच नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी गडी आहे, चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातले मजूर. त्यांचा रोज आता रत्नागिरीच्या रकान्यात चढतो, आणि चुली पेटतात त्यांच्या मुलखात.

राज्याच्या जिल्हावार कमाईच्या तक्त्यात मुंबई, ठाणे, पुणे वर आणि नंदुरबार, गडचिरोली तळाशी दिसतात. मधल्या रत्नागिरीकडे फारसं कोणी बघत नाही. इथला रोज वाढला हे खरं. पण त्यात शेतीची बरकत थोडी, गाव सोडून गेलेल्यांचा वाटा मोठा. शेतं पड आहेत, म्हणून राबणाऱ्याला भाव आहे. सरासरी काढताना जो तो भागला जाणारा पैसा बघतो. चिपळूणकराने आधी भागणारी माणसं मोजावीत.